मच्छरवाली ताई

वाईट बातमी घेऊन येणाऱ्या माणसावर ताई कधी चिडल्या नाहीत. नोकरीत माझं अर्धं आयुष्य गेलं, पण असा अधिकारी मी दुसरा पाहिला नाही. फवारणीचं मशीन बंद पडलं, गोळ्या संपल्या, एखाद्या गल्लीत तापाचे रोगी वाढले, काहीही सांगायला जा, त्या खुर्ची पुढे सरकवत आणि म्हणत, "बरं झालं लवकर सांगितलंस."

आम्ही मलेरिया विभागातली माणसं. सुरतमधल्या लिंबायत-गोडादऱ्याच्या गल्ल्यांतून घरोघर फिरायचं, टाक्या उघडून अळ्या बघायच्या, ज्याला ताप असेल त्याच्या बोटातून रक्त घ्यायचं. ताई आमच्या भागाच्या मुख्य अधिकारी. मूळच्या अमळनेरकडच्या. वस्तीतल्या इतर खानदेशी माणसांसारखे त्यांचे वडीलही लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करायला सुरतला आलेले. कार्यालयात त्यांना सगळे गुजराती रीतीने 'बेन' म्हणत. वस्तीत मात्र अहिराणीत "मच्छरवाली ताई उनी" म्हणत बायका दार उघडत. ताई उंबऱ्यावरूनच विचारत, "माय, पोऱ्याले ताप शे का?" आणि निघताना बजावत, "बरं वाटनं तरी गोया सोडू नको वं!"

त्या येण्याआधी आमच्याकडे एकच रीत होती. वरच्यांना आवडेल तेच सांगायचं. खरं बोलणाऱ्याला सगळ्यांदेखत बोलणी बसत. मग कुलूप लावलेलं घरही तपासलेलं ठरे आणि तापाचा रोगी साधा सर्दीचा होई. ताईंनी पहिल्याच सोमवारच्या मीटिंगमध्ये निराळा प्रश्न विचारला. "तुमच्या कामात माझ्याकडून काय राहिलंय?" अधिकाऱ्याने असं विचारल्यावर काय उत्तर द्यायचं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

शेवटी रमणभाई उठले. आमच्यातले सगळ्यात जुने. ते म्हणाले, "बेन, साचुं कहुं? लूमच्या कारखान्यांत मला आत घेत नाहीत. वरच्या टाक्या मी कधी पाहिल्याच नाहीत." आम्हाला वाटलं, आता रमणभाई संपले. ताईंनी इतकंच विचारलं, "उद्या सकाळी जायचं का दोघं?"

दुसऱ्या दिवशी त्या खरोखर गेल्या. मीही बरोबर होतो. लूमच्या खडखडाटात शेठ ओरडून सांगत होता, "टाइम नथी, बेन!" ताई भांडल्या नाहीत. गच्चीवर टाकीला टेकून झोपलेल्या कारागिरांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "शेठ, हे तापाने पडले तर तुमचा माल कोण काढणार?" शेठ घुटमळला. मग त्याने माणूस पाठवून टाकी उघडून दिली. आत अळ्या वळवळत होत्या. त्या दिवसापासून रमणभाईंना कुठल्या कारखान्यात अडवलं, की ताईंचा फोन तिथे जाई.

मध्यंतरी अधिकाऱ्यांसाठी नेतृत्व आणि व्यवस्थापनाचं प्रशिक्षण झालं. परत आल्यावर आम्ही विचारलं, काय शिकवलं? ताई हसल्या. "नवं काहीच नाही. माणसांचं ऐका, काम वाटून द्या, चूक सांगणाऱ्याला मारू नका. पण इतकी शहाणी माणसं हेच सांगतात म्हटल्यावर धीर आला. वाटलं, मी एकटीच वेडी नाही."

त्या धीरानेच त्यांचा घात केला. आम्ही खरं लिहू लागलो. दडलेले ताप बाहेर आले, रक्ताचे नमुने वाढले आणि कागदावर आमच्या भागातला मलेरियाही वाढला. मोठ्या साहेबांनी आढावा बैठकीत ताईंना उभं केलं. "सगळीकडे कमी होतोय आणि तुमच्याच भागात वाढला कसा?"

"वाढला नाही साहेब, दिसायला लागला," ताई म्हणाल्या.

हे उत्तर कोणाला नको होतं. थोड्याच दिवसांत त्यांची बदली जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात झाली. निरोपाच्या वेळी गुलाबाचा हार हातात धरून त्या म्हणाल्या, "घडी मोडू नका." आम्ही माना हलवल्या.

घडी मोडायला फार वेळ लागला नाही. नवे साहेब वाईट नव्हते, पण त्यांच्यावर आणखी भागांचा भार होता आणि वरून रोज आकड्यांचा तगादा. जागच्या जागी निकाल देणारी तपासणीची किट संपल्याचं रमणभाईंनी मीटिंगमध्ये सांगितलं, तेव्हा साहेब कडाडले, "रडगाणं नको, रिपोर्ट द्या!" रमणभाई खाली बसले. मग कोणीच उठलं नाही. आमच्या भागातला मलेरिया कमी झाला. महापालिकेच्या कार्यक्रमात आमच्या भागाला ढालही मिळाली.

त्याच पावसाळ्यात माझ्या गल्लीतल्या मनोहरची बायको तापाने पडली. पोटुशी होती. किट नव्हती, म्हणून रक्त काचेवर घेऊन प्रयोगशाळेत पाठवलं. मलेरियाच असल्याचा निकाल आला तेव्हा ती गेलेली होती.

मृत्यूच्या नोंदीसाठी मी मनोहरला घेऊन ताईंच्या कार्यालयात गेलो. ताईंनी त्याला नाव विचारलं, वय विचारलं, कशाने गेली ते विचारलं. तो म्हणाला, "तापमा गयी, ताई." त्यांचं पेन थांबलं. नोंद पुरी करून त्या माझ्याबरोबर व्हरांड्यात आल्या.

"किट संपल्याचं कोणी सांगितलं नव्हतं?"

"रमणभाईंनी सांगितलं होतं. त्यांना झापलं. मग सगळे गप्प."

"माझंच चुकलं रे," ताई म्हणाल्या. "तुम्ही मला घाबरत नव्हता, एवढ्यावरच मी खूश होते. माझ्यामागे कोणाला सांगायचं, कोणी ऐकायचं, हे काहीच मी बांधून ठेवलं नाही. मी गेले आणि सगळं गेलं." खिडकीपाशी रांग वाढली होती. आतून कोणी हाक मारली. डोळे पुसून त्या आत गेल्या.

त्यानंतरच्या सोमवारी मी उठून उभा राहिलो. किट नाहीत म्हणून एक बाई गेली, असं सगळ्यांसमोर सांगितलं. साहेबांनी मान वर केली नाही. "बघू," म्हणाले. बाहेर आल्यावर रमणभाईंनी खांद्यावर हात ठेवला. "शुं फायदो, भाई?"

संध्याकाळी मी ताईंना फोन केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी पुन्हा सांग."

पुन्हा सांगितलं. त्याच्या पुढच्या सोमवारीही सांगितलं. किट अजून आलेली नाहीत.