पक्क्या गल्लीतली विहीर

गल्ली पक्की व्हावी म्हणून पहिला अर्ज मी लिहिला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणावर चिडायला मला तोंड उरणार नाही. एरवी चिडण्यात माझा हात कुणी धरणार नाही. सगळी नोकरी शाळेत शिकवण्यात गेली, आणि ती मी नाकावर राग ठेवूनच केली.

आमचं घर बुरहानपुरात, लालबागेत. गल्ली तेव्हा मातीची होती. पावसाळ्यात शाळेत जायचं म्हणजे एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात साडीच्या निऱ्या. एका वर्षी त्या कीचडात घसरले, मनगट मोडलं, आणि माझं डोकंच फिरलं. प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून मी घरोघर गेले आणि दोन दिवसांत सगळ्यांच्या सह्या घेतल्या. फक्त गल्लीच्या खालच्या टोकाला राहणाऱ्या काकू जरा अडल्या. एवढं पावसाचं पाणी मग जाईल कुठं, असं त्या विचारत होत्या. मी म्हटलं, काकू, तुम्ही सही करा, पाण्याचं पाणी बघून घेईल.

सिमेंट पडलं ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कडेला वीतभर माती सोडू का, असं मिस्त्री विचारत होता. मीच नको म्हटलं. मातीत गवत उगवतं, गवतात साप येतात, कशाला ती कटकट! मग त्याच हातासरशी आमच्या अंगणातही फरशी घालून घेतली. शेवग्याच्या बुंध्याभोवतीसुद्धा सिमेंट केलं. त्याच सुमारास गल्लीमागचा केळीचा मळा विकला गेला आणि तिथं कॉलनी झाली. मळ्याच्या कडेनं एक नाला वाहायचा, होळीपर्यंत त्यात पाणी असायचं. तो पाइपात घातला, वर स्लॅब टाकला, आता तिथं गाड्या उभ्या असतात. डास गेले म्हणून आम्ही सगळे खूश होतो. मी तर फारच खूश होते.

आमच्या कुंपणाला लागून गल्लीची विहीर आहे. नळ आले तसं तिच्याकडं कुणी बघेना. वर लोखंडी जाळी बसवली आणि विषय संपला.

मागच्या वर्षी मुलगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं आली. आमच्यात बाळंतीण सव्वा महिन्यानं घराबाहेर पहिलं पाऊल टाकते ते पाणी पुजायला. त्याला जलवा म्हणतात. विहिरीला हळदकुंकू वाहायचं, ओटी भरायची, तिचं पाणी शेंदून भरली कळशी डोक्यावर घेऊन घरी यायचं. माझा जलवा याच विहिरीवर झाला होता. लहानपणी मुलगी काठावर पोटावर पालथी पडून आत आपल्याच नावानं हाका मारायची आणि मी तिला पायाला धरून ओढायचे. सातव्या महिन्यातच तिनं फोनवर सांगितलं होतं, "मम्मी, बाकी काहीच नको, फक्त जलवा आपल्या विहिरीवर करू." मी ताबडतोब हो म्हटलं. विहिरीत पाणी आहे का, हे बघावं असं माझ्या मनातही आलं नाही.

नात झाली. घर आनंदानं भरलं. जलव्याला आठ दिवस राहिले तेव्हा मी जाळी उचलून आत पाहिलं. तळाशी प्लास्टिकच्या पिशव्या, एक फाटका बूट आणि कोरडी माती. अहो, श्रावण चालला होता! मी यांना बोलावलं. हे पोस्टातून निवृत्त झालेले, एका दिवसात मोजून दहा वाक्यं बोलणारे. यांनी आत पाहिलं, गल्लीकडं पाहिलं आणि म्हणाले, "पाण्याला जमिनीत शिरायला तू जागा कुठं ठेवलीस?"

मी खूप भांडले. मळा मी विकला का, नाला मी बुजवला का, सगळं माझ्याच डोक्यावर का? यांनी जाळी परत बसवली. दोन दिवसांनी जोराचा पाऊस झाला. मी छत्री घेऊन विहिरीपाशी जाऊन उभी राहिले. पूर्वी असं पाणी मातीत मुरायचं, उरलेलं नाल्याला मिळायचं. आता कॉलनीच्या छपरांवरचं, रस्त्यांवरचं सगळं पाणी आमच्या गल्लीतून घोट्याच्या वर धावत होतं. माझ्या डोळ्यांसमोर ते विहिरीच्या कठड्याला वळसा घालून खाली गेलं आणि काकूंच्या स्वयंपाकघरात शिरलं. विहीर कोरडीच राहिली. मी काकूंकडं गेले. त्या पिठाच्या डब्याखाली विटा लावत होत्या. मला बघून त्यांनी फक्त पुढची वीट उचलली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून माझं कशात मन लागेना. दूध उतू जाऊ लागलं. मुलगी विचारायची, मम्मी, काय झालं, तू सारखी आत-बाहेर का करते? मी म्हणायचे, काही नाही गं. तिला सांगायचं धाडसच होईना. पाहिजे तर म्हणा मूर्खपणा, पण जलव्याच्या आदल्या दुपारी, ती आणि बाळ झोपलेली असताना, मी टँकर मागवला.

टँकरवाल्यानं टंकी कुठं आहे विचारलं. मी विहिरीकडं बोट दाखवलं. त्यानं मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग मान हलवत म्हणाला, "कुएँ से पानी निकालते हैं, मॅडम, डालते नहीं." मी म्हटलं, तुम डालो. सगळा टँकर आत ओतला. वाकून पाहिलं, तर तळाशी पाणी चमकत होतं. किती दिवसांनी मला नीट श्वास आला.

सकाळी बायका जमल्या. मुलगी हिरव्या साडीत, हिरव्या बांगड्यांत, जरा फिकी पण हसरी. हळदकुंकू झालं, ओटी भरली, नारळ ठेवला. तिनं दोराला कळशी बांधून आत सोडली. दोर संपत आला आणि कळशी मातीवर आपटली. तसला आवाज विहिरीत कधी ऐकला नव्हता. सगळ्या बायका वाकून बघायला लागल्या. तहानलेल्या जमिनीनं आख्खा टँकर पिऊन टाकला होता. दगडांवर कमरेएवढ्या उंचीवर ओली रेघ तेवढी राहिली होती.

मुलीनं ती रेघ पाहिली. मग माझ्याकडं पाहिलं.

"मम्मी, यात पाणी तू टाकलं होतं?"

"हो," मी म्हटलं. "आणि गल्लीत सिमेंटही मीच टाकलं."

मला रडू आलं. रागाचं होतं, लाजेचंही होतं. रिकामी कळशी डोक्यावर घेऊन बाळंतिणीनं घरी जायचं नसतं, म्हणून सगळ्या तशाच अडून उभ्या होत्या. शेवटी काकूच म्हणाल्या, अंगणातल्या नळावर भरून घ्या, पोर किती वेळ उभी राहणार. मुलीनं आमच्या प्लास्टिकच्या नळाला कुंकू लावलं, कळशी भरली आणि घरात आली. संध्याकाळी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, तेव्हा हळूच म्हणाली, "हिच्या जलव्याला आम्ही कुठं येऊ?"

ती सासरी गेली त्या दिवशी मी पहार आणली आणि अंगणातल्या फरशीवर पहिला घाव घातला. दुसऱ्या घावाला ते जुनं मनगट ठणकायला लागलं. हे आले, माझ्या हातून पहार घेतली आणि पुढचं उखडू लागले. आता भिंतीलगत हातभर रुंद पट्टा उघडा आहे आणि शेवगा मोकळा झालाय. गल्लीच्या दोन्ही कडांना तशीच माती मोकळी करावी, असा अर्ज लिहून मी पुन्हा घरोघर फिरले. लोक चहा देतात, नातीची चौकशी करतात, सहीचं नंतर बघू म्हणतात. आजवर माझ्या सहीखाली एकच सही आहे, काकूंची. त्यांनी ती काही न विचारता केली.

मुलगी दर रविवारी फोन करते. तिचा फोन यायच्या आधी मी जाळी उचलून आत बघून येते.

"पाणी आलं का गं, मम्मी?"

"नाही आलं."

"खरं सांगते ना?"

"खरं," मी म्हणते.