मागून येणारांस विनंती

आमच्या मद्रासच्या घरमालकांइतका मागून येणाऱ्याची काळजी वाहणारा गृहस्थ मी जन्मात दुसरा पाहिला नाही. पुढून कोण येतंय याची मात्र त्यांना फिकीर नसे. ती ज्याची त्यानं करावी, असा एकूण खाक्या होता.

घरमालक मूळचे तंजावरी मराठी, रेल्वेतून निवृत्त झालेले. सैदापेटच्या त्यांच्या घरात आम्हा नवराबायकोला एक खोली दिलेली. सगळे त्यांना रावजी म्हणत. ते मला पुणेकर म्हणत. मी साताऱ्याचा आहे हे मी पाच वर्षं सांगत होतो, पण त्यांच्या लेखी तंजावरच्या वरच्या अंगाला जे काही होतं ते सगळं पुणंच होतं. लढाईच्या आधीची एक काळी मोटार त्यांच्यापाशी होती आणि तिच्या पाठीला दोन आकड्यांवर लाकडी पाटी लटकवलेली असे. इतरांच्या मोटारींवर देवाचं नाव असे, लॉरीवाले फार तर अंतर ठेवायला सांगत. रावजींची पाटी विचारपूस करी. दर सोमवारी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, ते तिच्यावर खडूनं नवा मजकूर लिहीत, आणि तोही मराठीत. ‘मागून येणारांस नमस्कार. जेवण जाहलें कीं नाहीं?’ असा एका आठवड्याचा होता. ‘भोंपू वाजविण्यास हरकत नाहीं, आम्हांस ऐकूं येत नाहीं,’ असा दुसऱ्या. एकदा बाजारात म्हशीला धक्का लागला, तर आठवडाभर ‘म्हैस बरी आहे’ हे वर्तमान साऱ्या सैदापेटेत फिरत होतं.

आता मद्रासेत हे वाचणार कोण? कुणाला ती हिंदी वाटे, कुणाला मंत्र. एक बाई तर रोज पाटीला हात जोडत. रावजींची स्वतःची मुलंसुद्धा घरात तमिळच बोलत. मी एकदा म्हटलं, “रावजी, तमिळमधे लिहा ना. चार लोक वाचतील तरी.”

“अहो पुणेकर,” ते म्हणाले, “तमिळांत अस्की लोक लिहितात, सगळेच लिहितात. आमचं आम्ही नाहीं लिहिलं तर कोण लिहील? मज चार नकोत. एक वाचणारा बस्स.”

तो एक म्हणजे मी. माझी कचेरी गिंडीला, मी सायकलनं जायचो. बरोबर माझ्या वेळेला रावजींना हवा खायची लहर येई आणि मोटार माझ्या सायकलीच्या पुढे चालू लागे. ती माझ्याहून वेगानं कधीच गेली नाही. मी मागे पडलो तर ते थांबत, खिडकीतून मान बाहेर काढून विचारत, “वाचलं कां?”

एका सकाळी भर बाजारात पाटीचा आकडा निसटला. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, “रावजी, पाटी पडली! तुमची पाटी पडली!” तमिळमधे पाट्टी म्हणजे आजीबाई. रावजींची आजी पडली हे ऐकून अख्खा बाजार धावला. रावजींचं वय पासष्ट, मग त्यांच्या आजीचं काय असेल, हा विचार कुणी केला नाही. एकानं सोडा आणला. रस्त्याकडेला कीरै, म्हणजे पालेभाजी, विकणारी एक म्हातारी बसली होती. हाताशी तीच असल्यामुळे चौघांनी तिला टोपलीसकट उचललं आणि मोटारीत घातलं. ती पडली नव्हती, आजारी नव्हती आणि गप्प तर मुळीच नव्हती. “दवाखान्यात न्या, दवाखान्यात!” म्हणून लोकांनी मोटार ढकलली. पुढच्या चौकात रावजींनी मागे वळून पाहिलं आणि अदबीनं विचारलं, “आपण कोण?” बाईंना त्यांनी घरपोच केलं, वर एक नारळ दिला. पुढच्या सोमवारी पाटीवर होतं, ‘पाटी बरी आहे. पाट्टीहि बरी आहे.’

मग माझी बदली नागपूरला झाली. रावजींना सांगितलं तेव्हा त्यांनी कुठे, कधी, काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “तुमच्या जागीं येणारा मराठी आहे कां?”

“नाही. आंध्रातला आहे.”

“सरि, बरं,” ते म्हणाले आणि आत गेले. त्यानंतरचे दोन सोमवार पाटी कोरी होती. मोटार मात्र रोज माझ्यापुढे गिंडीपर्यंत येत राहिली. त्या कोऱ्या पाटीमागून सायकल मारताना मला चोरासारखं वाटे.

निघायच्या दिवशी ट्रंका घेऊन आम्ही टॅक्सीत बसलो. तेवढ्यात ती काळी मोटार आमच्या पुढ्यात येऊन लागली आणि सेंट्रल स्टेशनपर्यंत पुढेच राहिली. टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवून पाहिला, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. रावजींनी वाट दिली नाही. पाटीवर ताजा खडू होता.

‘मागून येणारांस विनंती. सावकाश येणें. आगगाडी चुकल्यास खोली रिकामीच आहे.’

बायकोनं तोंडाला पदर लावला. टॅक्सीवाला वैतागून म्हणाला, “सार, काय लिहिलंय म्हाताऱ्यानं?”

“सावकाश चल म्हणतायत,” मी म्हटलं. पुढचं वाक्य मला तमिळमधे सांगता आलं असतं, पण ते मी माझ्यापाशीच ठेवलं.

आम्हाला गाडी मिळाली. ती चुकायला हवी होती, असं मला अजून वाटतं.