गवत कापायच्या यंत्राच्या बदल्यात

मर्ल कोव्हारिकचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. सामना संध्याकाळी सातला असला तरी. त्याचे गुडघे सरळ व्हायला दुपार होई, आणि सरळ झाले की पुन्हा उकिडवं बसायची वेळ. बेसबॉलमध्ये कॅचरचं कामच ते. पिचर फेकील तो चेंडू, धुळीत पडो की डोक्यावरून जावो, अडवायचा. मर्ल एकही सोडत नसे. तरुणपणापासून छोट्या गावांच्या क्लबांतून हिंडला. मोठ्या लीगनं कधी बोलावलं नाही.

आमच्या ब्रॅमलीत आल्यावर त्याची बायको डोरीन हिनं सांगून टाकलं की आता पडदे लावले ते लावले, पुन्हा उतरवणार नाही. मर्ललाही एवढंच हवं होतं: दिवसा चेंडू अडवायचे आणि रात्री घरच्या पलंगावर पाठ टेकायची.

पुढच्याच वसंतात आमचा मालक हॅल्वरसन यानं त्याला लांबच्या ड्रेटन क्लबला देऊन टाकलं. बदल्यात गवत कापायचं यंत्र घेतलं, बसून चालवायचं, वापरलेलं. त्या काळी खेळाडू क्लबच्या मालकीचा. मालकानं सोडल्याशिवाय दुसरीकडे खेळता येत नसे. मैदानाची निगा माझ्याकडे होती, म्हणून यंत्रही माझ्याकडे आलं. सगळे त्या यंत्रालाच मर्ल म्हणू लागले. डोरीन बघायला आली, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "हे घोरत तरी नाही."

जूनमध्ये ड्रेटनचा संघ आमच्याकडे खेळायला आला. मर्ल आपल्या जागी उकिडवा बसला, समोर नजर टाकली आणि डाव बदलताना मला हाक मारली.

"अरे गस, हे काय कापलंयस? पट्टे वाकडे आलेत."

"पातं एका बाजूनं उतरलंय."

"माझी किंमत आहे ती. निदान सरळ तरी कापू दे."

सामना संपल्यावर छातीवरचं कवच न काढताच तो यंत्राखाली शिरला. डोरीन कुंपणापाशी सँडविच घेऊन उभी. ड्रेटनची बस भोंगा वाजवतेय. पातं समपातळीत आल्याशिवाय तो बाहेर आला नाही. मग सँडविच घेऊन बसकडे लंगडत पळाला.

हंगाम संपल्यावर त्यानं ड्रेटनच्या मालकाला विचारलं, मला सोडायचं काय घ्याल. मालक म्हणाला, यंत्राच्या बदल्यात घेतला, यंत्राच्या बदल्यात सोडीन. हॅल्वरसन जुनं परत देईना. म्हणाला, ते मर्लपेक्षा जोरात पळतं. मग मर्लनं हिवाळाभर मांसाच्या कारखान्यात अख्खी डुकरं खांद्यावर वाहिली. वसंतात नवं कोरं यंत्र घेऊन ड्रेटनला गेला. मालकानं आधी सगळं मैदान कापून दाखवायला लावलं. पट्टे इतके सरळ आले की मालक म्हणाला, खेळ सोड, माळी म्हणून राहा. मर्ल नको म्हणाला आणि ब्रॅमलीला परतला. हॅल्वरसननं त्याला पुन्हा घेतलं, कारण या खेपेला बदल्यात काही द्यावं लागत नव्हतं.

हंगामाचा पगार आणि हिवाळ्याची मजुरी मिळून मर्लनं विकत घेतलं ते एवढंच: एक कॅचर, वापरलेला, गुडघे खराब.