दोन्ही टोकांना प्लग

धाकट्या दिराची एकदा चांगली जिरवायची, हे मी यजमान गेले त्या वर्षीच ठरवलं होतं. हडपसरच्या आमच्या बंगल्यात वर मी, खाली तो; मीटर आणि मेन स्विच दोघांचे वेगळे. भारनियमनाचे दिवस. मला गच्चीवर सोलर पॅनेल बसवायचे होते, तर यानं गच्चीची किल्लीच खिशात घातली. "वहिनी, यातलं तुम्हाला काय कळतंय?" आयटी कंपनीत होता, त्यामुळे विजेचा मक्ता आपल्याकडे अशी त्याची समजूत. मी कुलूपवाला बोलावून दुसरी किल्ली केली आणि पॅनेल, बॅटरी सगळं बसवून घेतलं.

बसवणाऱ्यानं बजावलं होतं: बाहेरची वीज गेली की आधी मोठा खटका फिरवून आपला मजला रस्त्यावरच्या तारेपासून तोडायचा, मगच बॅटरीवर घ्यायचं. नाहीतर आपली वीज उलटी बाहेर जाते. मी ते कधी चुकवलं नाही.

एका मे महिन्यात वादळानं फांदी पडली आणि आमच्या घराकडे येणारी तार तुटली. मी नेहमीप्रमाणे खटका फिरवला, पंखा लावला. दीर वर आला.

"वहिनी, एक वायर खाली सोडता का? मॅच आहे."

"यातलं मला काय कळतंय, भाऊजी?" म्हणून मी दार लावलं. फार बरं वाटलं.

दुपारी वायरमन आला, खांबाला शिडी लावून चढला. मी गॅलरीतून बघत होते, तेवढ्यात खालून मॅचचा आवाज आला. तार तुटलेली आणि याचा टीव्ही चालू? दार उघडलं. जिन्यातल्या माझ्या सॉकेटमधून एक वायर त्याच्या खिडकीत गेली होती. धावत आत येऊन मी बॅटरीच बंद केली आणि गॅलरीतून ओरडले, "तारेला हात लावू नका."

खाली जाऊन पाहिलं. वायरीच्या दोन्ही टोकांना प्लग, दुसरा त्याच्या भिंतीतल्या सॉकेटात खोचलेला, आणि त्याचा मेन स्विच चालूच. वायरमन जोडायला निघाला होता त्या तारेत माझी वीज खेळत होती. तो उतरून पायरीवर बसला.

"वहिनी, घरातली गोष्ट घरात राहू द्या," दीर हळूच म्हणाला.

तोवर गल्ली जमली होती. मी वायर काढली आणि एक टोक त्याच्यापुढे केलं. "धरा, भाऊजी. दुसरं मी सॉकेटात घालून बॅटरी चालू करते. तुम्ही यांना काय धरायला लावत होतात, ते लोकांना बघू दे."

त्यानं हात मागे घेतला.

"मग पाय धरा त्यांचे."

सगळ्यांदेखत त्यानं ते धरले. वायरमन अवघडून पाय मागे घेत राहिला. मला वाटलं होतं, आता माझं मन निवेल. निवलं नाही. तो माणूस मेला असता तर माझ्या विजेनं मेला असता, आणि मी गॅलरीतून बघत उभी असते. हे मी दिराला कधीही माफ करणार नाही.