उखाआबांचा मफलर

नंदुरबारात ज्याची हयात गेली त्याचं नाक मेलेलं असतं. हिवाळ्यात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडली, की परका माणूस स्टेशनावर उतरल्या उतरल्या शिंकायला लागतो. आमची माणसं त्याच हवेत बसून निवांत भाकरी खातात. फुलवंताबाई तर पथारीवरच कामाला होती. मिरच्या वरखाली करायच्या, देठ खुडायचे, आणि जरा उसंत मिळाली की मांडीवर क्रोशाचं विणकाम.

हे वेड तिला स्टेशनमास्तरांच्या बायकोनं लावलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. बाईंनी एक जुना आकाशी स्वेटर उसवून लोकर दिली आणि साखळी, खांब, दाणा असे सगळे टाके शिकवले. एकाच घरात बरेच खांब घालून आवळले की फुगीर दाणा उठतो. अशा दाण्यांचा मफलर जाड होतो आणि ऊब धरून ठेवतो. फुलवंताबाईनं तो सासऱ्यासाठी विणायला घेतला. फार माया होती म्हणाल, तर तसं काही नाही. उखाआबांचा खोकला तिच्या डोक्यात जायचा. तो एकदाचा बंद व्हावा, एवढंच.

सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायची तेव्हा रीत नव्हती. फुलवंताबाई पदर पुढे ओढून मांजरीला सांगायची आणि आबांनी ते ऐकायचं. मफलरही मांजरीशी बोलतच त्यांच्या पुढ्यात ठेवला गेला. म्हातारा इतका हरखला, की तो गळ्यातून काढीचना.

खोकला मात्र वाढला. फुलवंताबाईचा पारा चढला.

"मनी, आबास्ले एवढा मफलर करी दिधा, तरी त्यास्ना खोकला थांबत नही. मानूसले दोन घास सुखमा खाऊ देत नही!"

आबा कानकोंडे व्हायचे. उबळ आली की आवाज बाहेर पडू नये म्हणून मफलरचंच टोक तोंडावर घट्ट दाबायचे. त्यानं आणखी उबळ यायची, ते आणखी दाबायचे. नवरा भाईदास वैद्याचे काढे आणून थकला. संक्रांतीपर्यंत आबांना चार पावलं टाकायचीही ताकद उरली नाही.

संक्रांतीला फुलवंताबाईची बहीण शांतीबाई लोणखेड्याहून आली. आबांचा डोळा लागला होता, मफलर उशाशी होता. वीण बघावी म्हणून तिनं तो उचलून गळ्याभोवती घेतला, आणि धडाधड शिंका. डोळ्यांतून पाणी.

"ओ माय! हाई मफलर शे का मिरचीनं पोतं?"

फुलवंताबाई आधी हसली. मग तिनं घमेल्यात कोमट पाणी घेऊन मफलर बुडवला. पाणी तांबूस झालं. देठ खुडलेल्या हातांनी, पथारीवरच्या धुरळ्यात बसून तिनं तो विणला होता. एकेक दाणा आवळताना आत मिरचीची पूड कोंडली गेली, आणि तिच्या नाकाला पत्ता नव्हता. पण खरा घाव वेगळाच होता. ते मिरचीचं फडकं म्हाताऱ्याच्या तोंडावर दाबलं कुणी? तिच्याच जिभेनं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की पाणी तांबूस यायचं थांबेपर्यंत ती मफलर धूत राहिली.

आबा जागे झाले तेव्हा मांजर जवळच होती. फुलवंताबाईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती थेट सासऱ्याशी बोलली.

"आबा, चूक मन्ही शे. मफलरमा मिरची बसेल व्हती. तुमना खोकला मीच वाढाया."

आबा गोंधळले. सून समोर बोलते म्हणून की काय, त्यांनी मान खाली घातली.

"ऱ्हाऊ दे बेटी. तुले तरास नको म्हनीसन मी तोंड दाबी ऱ्हायनू व्हतू."

धुतलेला मफलर त्यांनी पुढे कितीतरी हिवाळे वापरला. छाती मोकळी झाली, ते शेतापर्यंत जाऊ लागले. म्हाताऱ्या माणसाचा साधा खोकला तेवढा राहिला. तो आला की आबा आधी सुनेकडे बघायचे. ती कळवळून म्हणायची, "खोका ना आबा, मोकळं खोका."

"कोठे वं? माले खोकलाच नही," असं म्हणून ते हसायचे, आणि गिळलेल्या खोकल्यानं त्यांचे डोळे भरून यायचे.