सही आठवडाभर लांबली, त्याची गोष्ट

"मॅडम, मला ही पगारवाढ नको," रामदास गांगुर्डे म्हणाला.

मी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. नाशिकजवळ अंबडच्या आमच्या कार कारखान्यात तो बॉडी शॉपला स्पॉट वेल्डर होता. पत्र्याचे भाग एकमेकांना डाग देऊन जोडायचे, त्यातून गाडीचा सांगाडा उभा राहतो, ते त्याचं काम. गाव वणीकडचं. मी पर्सोनेल ऑफिसर होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सप्टेंबरचा शेवट होता, युनियनशी वेतनकराराची बोलणी पूर्ण झाली होती आणि फक्त सह्या राहिल्या होत्या. पगारवाढ नको म्हणणारा माणूस मला नोकरीत पहिल्यांदाच भेटत होता.

"का नको?"

"वाढ झाली की ईएसआय सुटतंय. मंडळीच्या हार्टची झडप खराब हाय. मुंबईला ऑपरेशनचा नंबर लागलाय, थंडीत बोलावलंय. ईएसआय गेलं तर कोण करील ते?"

ईएसआय म्हणजे कामगारांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना. कामगाराच्या पगारातून थोडा हिस्सा कापतात, कंपनी त्याहून मोठा हिस्सा घालते. त्यावर कामगार, बायको, मुलं, त्याच्या आधारावर असलेले आईवडील, सगळ्यांचे उपचार होतात. खोकल्याच्या औषधापासून हृदयाच्या ऑपरेशनपर्यंत. पण योजनेला पगाराची मर्यादा असते. पगार त्या रेषेच्या वर गेला की माणूस बाहेर. आता त्याला स्वतःचं स्वतः परवडतं असं धरलं जातं.

आमच्या कराराने बॉडी शॉपमधले बहुतेक जण त्या रेषेच्या वर जाणार होते. हे आम्हाला माहीत होतं. किंबहुना फायनान्सचे करंदीकर यांनी ते हिशेबात धरलं होतं. माणसं योजनेबाहेर गेली की कंपनीचा हिस्सा वाचतो. त्या बचतीतून पगारवाढीचा एक भाग निघणार होता. म्हणजे रामदासला जी वाढ मिळणार होती, त्यात थोडा त्याचाच विमा होता. टेबलावर बसून बोलणी करताना हे मला असं सरळ दिसलं नव्हतं.

"तुला एकट्याला वाढ नाकारता येणार नाही," मी म्हणाले. "करार सगळ्यांना लागू होतो."

"मग तुम्हीच सांगा काय करायचं," तो म्हणाला आणि शिफ्टला गेला.

मी आधी विमा कंपनीकडे विचारणा केली. ग्रुप पॉलिसी मिळत होती. पण आईवडील त्यात नव्हते, आणि आधीपासून असलेला आजार सुरुवातीला चालणार नव्हता. झडप आधीपासूनच खराब होती. सगळं धरून, आजार आणि आईवडीलसुद्धा घालून, मी पुन्हा दर मागितला. तो आला तो वाचणाऱ्या हिश्श्याच्या बराच वर होता.

तो कागद घेऊन मी प्लांट हेड सबनीस साहेबांकडे गेले. करंदीकर तिथेच बसले होते.

"आपण गाड्या बनवतो," सबनीस म्हणाले. "हॉस्पिटल चालवत नाही."

"बरोबर आहे सर. म्हणूनच ईएसआय स्वस्त पडतं. त्यात सगळ्या कारखान्यांचे पैसे एकत्र असतात, सरकारही भर घालतं. आपण एकटे गेलो की आपल्या आजारी माणसांचा भार आपल्या एकट्यावर."

करंदीकर नुकतेच परदेशातल्या भागीदार कंपनीत ट्रेनिंग घेऊन आले होते. तिथली एक गोष्ट ते कँटीनमध्ये सगळ्यांना सांगत. एका देशात कामगाराच्या हॉस्पिटलचं बिल कार कंपनीच भरते आणि ते गाडीच्या किमतीत चढतं. शेजारच्या देशात उपचार सरकार करतं, त्यामुळे तीच गाडी तिथे बनवायला मजुरी कमी पडते. मी त्यांना विचारलं, "आपण या दोन देशांपैकी कोणासारखं व्हायला निघालोय?"

ते हसले नाहीत. त्यांनी कागद ओढून घेतला आणि पुन्हा वाचला.

"पण मर्यादा सरकारची आहे," सबनीस म्हणाले. "आपण ती बदलू शकत नाही. करार थांबवणार नाही मी. नव्या मॉडेलची लाइन चालू व्हायची आहे."

ते खरंच होतं. मी दुसऱ्या दिवशी ईएसआयच्या ऑफिसात गेले. तिथल्या मॅनेजरबाईंनी मला बसवून नियम समजावला. योजनेचं वर्ष दोन भागांत असतं, एक एप्रिलपासून, दुसरा ऑक्टोबरपासून. भाग सुरू होताना जो मर्यादेच्या आत असेल, त्याचा पगार मध्येच वाढला तरी तो भाग संपेपर्यंत तो योजनेतच राहतो. त्याची वर्गणी कापली जाते आणि उपचारही चालू राहतात.

"आणि फरक मागच्या तारखेपासून दिला तर?"

"वाढ जाहीर कधी झाली ते आम्ही बघतो," बाई म्हणाल्या.

म्हणजे सही सप्टेंबरमध्ये झाली तर रामदास ऑक्टोबर लागताच बाहेर. ऑक्टोबर लागल्यावर झाली तर मार्चपर्यंत आत. पगाराचा फरक ठरलेल्या तारखेपासूनच मिळणार, कोणाचं काही जाणार नव्हतं. सबनीसांनी आठवडाभर थांबायला होकार दिला. अडचण युनियनची होती.

"मॅनेजमेंट म्हणतं सही पुढे ढकला, म्हणजे आमच्या पोरांना वास येणार," जनरल सेक्रेटरी बोरस्ते म्हणाले. "मी सांगून कोणी ऐकायचं नाही. रामदासला बोलू द्या."

रामदासला बोलायचं नव्हतं. घरचं दुखणं चारचौघांत कशाला, असं त्याचं म्हणणं. तरी गेट मीटिंगला तो उभा राहिला. मी ऑफिसच्या पायरीवरून ऐकत होते.

"मंडळीच्या ऑपरेशनसाठी ऑक्टोबर लागेस्तोवर थांबा," तो म्हणाला. "लय दिवस नाय."

पेंट शॉपमधला एक जण ओरडला, "एकाच्या बायकोसाठी सगळ्यांनी थांबायचं का?"

असेंब्लीतला एक फिटर म्हणाला, "माझ्या बापाचं डायलिसिस चालू आहे. मलाही थांबायचंय." मग आणखी एक जण टीबीच्या औषधांबद्दल बोलला. दवाखान्यातल्या रांगेला कंटाळलेले, ईएसआय सुटतंय म्हणून खूश असलेले तरुण बरेच होते. ते गप्प राहिले. बोरस्त्यांनी हात वर करायला सांगितले आणि ठराव पास झाला.

करारावर ऑक्टोबरमध्ये सह्या झाल्या. रामदासच्या बायकोचं ऑपरेशन थंडीत मुंबईला झालं. ती बरी झाली. तो पेढे घेऊन आला, तेव्हा पहिल्यांदा खुर्चीवर बसला.

फिटरच्या वडिलांचं तसं झालं नाही. डायलिसिस मार्च ओळखत नाही. कंपनीने पुढे ग्रुप पॉलिसी घेतली, पण आईवडिलांना वगळून. सबनीसांनी वेल्फेअर फंडातून त्या फिटरला काही महिने मदत दिली, मग ती थांबली. त्याने नाशिक रोडचा फ्लॅट विकला. काही वर्षांनी सरकारने पगाराची मर्यादा वाढवली, बरेच जण पुन्हा योजनेत आले. वडील तोवर गेले होते.

त्यानंतर मी बरेच वेतनकरार केले. प्रत्येक वेळी फायनान्सच्या तक्त्यात 'बचत' असा रकाना दिसला की एक प्रश्न विचारायची सवय लागली: हे बिल आता कोणाच्या घरी जाणार आहे? कंपनीचा खर्च कमी झाला म्हणजे आजार कमी झाला असं नसतं. फक्त पावतीवरचं नाव बदलतं.