संकेश्वरचे पाणी

आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत जाहिरातीचा मजकूर देऊन उठता उठता निपाणीचे एक तंबाखू व्यापारी म्हणाले, “आमचा परशराम गेला की हो. चार दिवसांचा ताप...” दुसऱ्या दिवशी अंकात चार ओळी गेल्या. नाव, गाव, व्यवसाय. मागे पत्नी, दोन मुलगे, एक विवाहित मुलगी. त्यात चूक काही नव्हती. त्याला आता पाच आठवडे झाले.

परशरामअण्णांनी बेळगाव-निपाणी रस्त्यावर सतरा-अठरा वर्षे लॉरी चालवली. निपाणीहून तंबाखू आणायची, बेळगावहून किराणा न्यायचा. घर खानापूरजवळच्या खेड्यात. गाडीचे काम ते हुबळीच्या एका कानडी मिस्त्रीकडे शिकले, त्यामुळे माणसांशी मराठीत बोलत आणि गाडीशी कानडीत. घाटात गाडी धापा टाकू लागली की कानडी शिव्या सुरू होत. शेजारी एखाद्या मास्तरीणबाई बसलेल्या असल्या तर त्याच शिव्या पुटपुटत दिल्या जात. वाटेवरच्या गावांची औषधे, निरोप, दुरुस्तीला दिलेले चष्मे त्यांच्या गाडीतून पोहोचत आणि यातले काही हरवल्याचे कुणी सांगत नाही. निपाणीच्या बाजाराची बातमी आणायला मी आठवड्यातून एकदा त्यांच्या शेजारी बसून जात-येत असे.

महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले आणि लॉरीच्या पाठीशी कोळशाची भट्टी बसली. कोळशाच्या वायूवर चालणारे ते इंजिन निपाणीहून तवंदीचा घाट चढताना इतके तापे, की संकेश्वरला थांबून पाणी भरावेच लागे. तिथे रस्त्यालगतच त्यांच्या मुलीचे, सुंद्राचे, सासर होते. गाडीचा आवाज आला की ती घागर घेऊन बाहेर येई. गाडी पाणी पिई, अण्णा पीत नसत. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरचे पाणीही घ्यायचे नाही, ही रीत त्यांच्या घरात कडक होती. सुंद्राच्या लग्नाला आठ वर्षे झाली होती आणि मूल नव्हते.

“गाडीला आमचं पाणी चालतंय, आन् व्याह्यास्नी चालत न्हाय व्हय?” सुंद्राची सासू गंगाबाई ओट्यावरून विचारीत.

“गाडीनं कुठं तुमच्यात लेक दिलीया, इहीणबाई?” अण्णा म्हणत. शेजारपाजारचे हसत. हे ठरूनच गेले होते.

एकदा रेडिएटरमध्ये पाणी ओतताना सुंद्रा हळूच म्हणाली, “आप्पा, ह्यो हसायचा इषय न्हाय. तुम्ही रस्त्यावर उभं ऱ्हाऊन पाणी नगं म्हणतासा, आन् अख्ख्या गल्लीला रोज नव्यानं कळतंय, हिला पोर न्हाय ते. सासूबाई दुसरी पोरगी बघाय लागल्यात.” पुढचे सहा-सात मैल अण्णा गाडीशीही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पेपरवाले, रीत पाळाय गेलो आन् लेकीच्याच दारात दवंडी पिटत बसलो की हो...” तरी रीत मोडणे सोपे नव्हते. पुढच्या आठवड्यातही ते कोरडेच निघाले.

महिनाभराने एका दुपारी आम्ही थांबलो, तेव्हा ओट्यावर सदलग्याचे पाहुणे होते. मुलीचा बाप घर बघायला आला होता. पहिली सून नांदत असताना मुलगी द्यायला तो कचरत होता. पहिलीला आता मूल होत नाही हे तिचा बापही मानतो, एवढे त्याला दिसले की गंगाबाईंचे काम होणार होते. त्यांनी स्वतः तांब्या भरून आणला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, “घ्या व्याही, पाणी घ्या.” नकार येणार याची त्यांना खात्री होती. सुंद्रा दारातच थांबली. मी गाडीत होतो.

अण्णांनी तांब्या घेतला आणि उभ्याउभ्या रिकामा केला.

“काय हो, लेक बाळंत झाली म्हणायची?” सदलग्याच्या माणसाने विचारले.

“न्हाय झाली,” अण्णा मिशा पुसत म्हणाले. “त्याचीच वाट बघत आठ वर्सं हितनं कोरडा गेलो. तुमची लेक हितं आली तर तुम्ही वाट बघू नगासा. पयल्या दिशीच पाणी मागा.” मग गंगाबाईंकडे वळून, “आणखी एक तांब्या आणा, इहीणबाई. तहान लई हाय.”

सदलग्याचा माणूस चहा न घेताच उठला. सोयरीक तिथेच थांबली. गावी भावकीने अण्णांना नावे ठेवली. गंगाबाई वर्षभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. अण्णा दर खेपेला पाणी मागत आणि सुंद्रा देई.

तिला पुढेही मूल झाले नाही. दुसरी सून घरात आली नाही. अण्णांच्या तेराव्याला मी त्यांच्या गावी गेलो, तेव्हा गंगाबाई सुनेबरोबर आलेल्या होत्या. जेवणे आटोपल्यावर सुंद्राची आई म्हणाली, “म्हैनाभर ऱ्हाऊ द्या हिला माझ्याजवळ.”

“माझं काय न्हाय,” गंगाबाई म्हणाल्या. “पर ही नसली की मला घरात गमत न्हाय. तिलाच इचारा.”

सुंद्रा आईच्या पाया पडली. “पुढच्या म्हैन्यात येतो, आई,” एवढेच म्हणाली. संध्याकाळची मोटार आली तेव्हा गाठोडे घेऊन ती सासूच्या आधी आत चढली, आणि शेजारची जागा तिने हाताने धरून ठेवली.